एक बाक आणि डिस्कोमायसीट

चंद्रपूरच्या बसस्थानकावर मी उतरले तेव्हा माझ्या एका पायात चप्पल होती आणि दुसरा पाय मोकळा होता. वर्ध्यापासून बस इतकी आदळत आली, की सीटखाली काढून ठेवलेली उजवी चप्पल सरकत सरकत कोणाच्या पोत्यामागे गेली ते कळलेच नाही. कंडक्टरने मनापासून शोधली. शेवटी म्हणाला, "बाई, डेपोत झाडू मारतीन तवा सापडन. उद्या या." उद्या मी एटापल्लीच्या वाटेवर असणार होते. साठी उलटलेली, साताऱ्याहून निघून गाड्या बदलत आलेली एक निवृत्त शिक्षिका परक्या गावात एका चपलेवर उभी आहे, हे पाहून लोक बाजूने वाट काढत होते. संताप मला बसचा नाही, स्वतःचा आला होता.

मला न्यायला सुजाता आली. तिने आधी माझ्या पायांकडे पाहिले, मग तोंडाकडे, आणि हसू दाबत म्हणाली, "चला ताई, आधी जटपुरा गेटकडं. जंगलात असं चालत नाई."

सुजाता चंद्रपूरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते आणि बुरशांवर पीएचडी करते. माहेर जवळच्याच मूल गावचे. आमची ओळख झाली ती भांडणातून. आम्ही काही हौशी आणि काही निवृत्त मंडळी मिळून विद्यार्थ्यांसाठी जीवशास्त्राचा परिभाषाकोश करत आहोत. 'ड' अक्षराच्या बैठकीला बुरशांचे जाणकार म्हणून सुजाताला बोलावले होते. ती पडद्यावर होती, मी साताऱ्यात, आणि मध्ये एकच शब्द होता: डिस्कोमायसीट.

शब्द तसा सरळ आहे. ग्रीकमधल्या 'थाळी' आणि 'बुरशी' या दोन शब्दांची ती जोड. काही बुरशांचे फळ छत्रीसारखे नसते. ते वाटीसारखे किंवा बशीसारखे असते, तोंड आभाळाकडे उघडे, आणि वाटीच्या आतल्या अंगाला बीजुके (बुरशीचे बी म्हणू या) तयार होतात. अशा सगळ्या उघड्या वाट्यांना पूर्वी या एका नावाखाली घालत. वर्गीकरणात त्यांचा स्वतंत्र वर्गच होता. पुढे जनुके तपासली गेली आणि कळले, की आकार सारखा असला तरी ही एका घराण्याची लेकरे नाहीत. कोणी इकडचे, कोणी तिकडचे. वर्ग मोडीत निघाला. माझे म्हणणे एवढेच होते, की मोडीत निघालेला शब्द नव्या कोशात कशाला? काढून टाका.

"शब्द मेला नाई जी," सुजाता पडद्यावरून म्हणाली होती. "त्याची फक्त नोकरी बदलली. आमी जंगलात अजून हेच म्हणतो."

मी म्हटले, कोण काय म्हणते यावर शास्त्र चालत नाही. ती म्हणाली, कोण काय म्हणते यासाठीच तर कोश असतो. आवाज चढले. अध्यक्षांनी दोघींचा आवाज बंद केला, म्हणजे यंत्रावरचा. रात्री तिचा फोन आला. "ताई, मी जास्त बोलली. पण तुमी एकदा येऊन पाहा, अन् मग काटा." माझे मत राखून ठेवण्यात आले, आणि ऑगस्टच्या भर पावसात मी निघाले.

गेटापाशी काळ्या रबरी चपला घेतल्या. अंगठ्याला पहिल्या पावलापासून लागत होत्या, पण दुकानदार म्हणाला, दोन दिवसांत पायाची होते. जुन्या किल्ल्याच्या भिंतीवर पिंपळाची रोपे उगवली होती, तिला खेटून रिक्षा उभ्या होत्या, आणि पलीकडे दूरवर वीजकेंद्राच्या चिमण्यांचा धूर ढगांत मिसळत होता. हवा उकडलेल्या भातासारखी दमट. ऑगस्टात असा घाम येतो हे मला कोणी सांगितले नव्हते. रात्री सुजाताकडे मुक्काम केला. सकाळी तर्रीपोहे खाल्ले आणि तिखटाने कानांतून वाफा निघाल्या तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "हे कमी तिखट होतं." मला तिची थट्टा वाटली. ती थट्टा नव्हती.

तिच्या भावाच्या जुन्या गाडीतून आम्ही मूलला गेलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाणी भरलेल्या बांध्या (धानाच्या खाचरांचे तुकडे) आणि त्यात कमरेतून वाकून रोपांचा रोवणा करणाऱ्या बायका. मूल जवळ आल्याचे भाताच्या गिरण्यांच्या वासावरूनच कळले. सुजाताच्या आईचे घर बाजाराच्या मागे आहे. निळी भिंत, तिच्यावर बुद्धाची तसबीर, खाली ताजी फुले. आई अंगणात बसून काहीतरी पांढरे, मातीने माखलेले धूत होती. टेकोडे होते ते. पावसाळ्यात वारुळाच्या मातीतून वर येणाऱ्या अळंब्या.

मी आयुष्यभर वर्गात सांगत आले, की रानातली अळंबी ओळखल्याशिवाय तोंडात घालू नका. आता ताटात त्याच अळंब्या रश्श्यात पोहत होत्या. मी भाताशी खेळत बसले. आईंनी ते पाहिले.

"खा जी," त्या म्हणाल्या. "आमी मेलो नाई अजून."

खाल्ले. आणि खरे सांगते, मला धक्का बसला. साठ वर्षे मी हे सोडून काय खात होते असे वाटले. दुसऱ्यांदा वाढून घेतले, तिसऱ्यांदा आईंनी न विचारता वाढले.

जेवताना त्यांनीच मला सांगितले, जे सुजाताने फोनवर कधी नीट सांगितले नव्हते. "पोरगी दोन पावसाये एका कुजक्या लाकडामागं जाऊन राह्यली. हा तिसरा. यंदा नाई भेटलं तं पुस्तक अर्धं राहीन तिचं."

मी सुजाताकडे पाहिले. तिने पाण्याचा घोट घेतला आणि मग सरळ सांगितले. एटापल्लीच्या अलीकडे एका टोल्यावर (छोट्या पाड्यावर) एका घरामागे ऐनाचे मोठे खोड पडले होते. त्याच्यावर पहिल्या पावसाळ्यात तिला एक वाटी दिसली. गडद, आतून जांभळट, काठाला बारीक लव. तिने पाहिलेल्या कोणत्याही वर्णनात ती बसत नव्हती. पण वाटी कच्ची होती. आत बीजुकेच नव्हती, आणि पिकलेल्या बीजुकांशिवाय या बुरशांना नाव देता येत नाही. दुसऱ्या वर्षी पाऊस रेंगाळला, वाट्या पुन्हा कच्च्याच. दुसरीकडे कुठे ती सापडली नाही, तिने पुष्कळ रान पालथे घातले. यंदा तिची मुदत संपते. मार्गदर्शकांनी सांगितले होते, पिकलेला नमुना आणा, नाहीतर ते प्रकरण काढून टाका. आणि प्रबंधाचा सगळा डोलारा त्याच प्रकरणावर उभा होता.

"मग आपण इथे जेवत काय बसलोय?" मी म्हणाले.

"अळंबी तुमीच तिसऱ्यांदा घेतली, ताई."

वैनगंगा ओलांडताना पाणी पुलाच्या खांबांवर चढलेले होते, मातकट आणि घाईत. गडचिरोली मागे पडली, चामोर्शी, आष्टी मागे पडली, आणि आलापल्लीच्या बाजूला साग सुरू झाला. असा साग मी पाहिला नव्हता. खोडे वर वर जातात आणि पान दिसायला मान मागे टाकावी लागते. रस्त्यावर मात्र लाल चिखल होता. सूरजागडकडून येणाऱ्या खनिजाच्या ट्रकांची रांग समोरून येत राहिली, एकामागून एक, इतकी की आमची गाडी कडेला थांबून राहिली. पानांवर लाल, दगडांवर लाल, काचेवर लाल. सुजाताने वायपर चालू केला.

तिथेच थांबलेले असताना ती खाली उतरली, कडेच्या पाचोळ्यात वाकली आणि एक काटकी घेऊन आली. "घ्या. तुमचा मेलेला शब्द."

काटकीवर पिवळे ठिपके होते. मी चष्मा कपाळावर सरकवला आणि भिंग लावले. ठिपके नव्हते ते. प्रत्येक एक नीट गोल बशी होती, कडा उचललेली, आतून गुळगुळीत, पिवळीधमक. टाचणीच्या डोक्याएवढी. मी ज्याच्यावर चार ओळींची व्याख्या लिहिली आणि मग ती काढून टाकायला निघाले, ती वस्तू एवढीशी, आणि इतकी सुरेख. मी गप्प बसले आहे हे पाहून सुजाताने माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिले.

आलापल्लीत रात्र काढून सकाळी आम्ही टोल्यावर पोचलो. पाऊस थांबून थांबून पडत होता. मोहाची मोठी झाडे, त्यांच्यामध्ये सात-आठ घरे, मातीची, शेणाने सारवलेली. पहिल्याच घरातून एक उंच, वाळकुडा म्हातारा बाहेर आला. हे रैनूभाऊ. त्यांच्या मागे जैनीबाई, हात ओलेच.

"जोहार," सुजाता म्हणाली.

"जोहार, जोहार. आली का तू?" रैनूभाऊंचा चेहरा असा उजळला, की मला वाटले आपण चुकून कोणाच्या माहेरी आलो आहोत. "आमी वाट पाहून राह्यलो होतो. पाणी पडलं, मी हिले म्हटलं, आता बाई येते."

सुजाता थांबायला तयार नव्हती. बूट चिखलात तसेच, ती घराला वळसा घालून मागे निघाली. मी अंगठा वाचवत तिच्या मागे. म्हातारा-म्हातारी आमच्या मागे, का कोण जाणे, पण दोघेही हसत होते.

घरामागे सुजाता उभी राहिली. मी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले आणि कुठे पाहायचे ते शोधू लागले, कारण समोर काहीच नव्हते. झुडपे नव्हती, पाचोळा नव्हता. जमीन चोपून सपाट केलेली, अंगणासारखी. मध्ये एक काळा गोल डाग, जळक्या जागेचा. खोड नव्हते.

"साफ केलं," जैनीबाई म्हणाल्या. "उन्हाळ्यातच केलं. तू दर वर्षी त्या गारीत बसते, गुडघ्यावर. साप-विंचवाची जागा. मी याले म्हटलं, पोरगी एवढ्या दुरून येते अन् आपण तिले चिखलात बसवतो."

"लाकूड कुठी हाय?" सुजाताने विचारले. आवाज अगदी बारीक.

"ते कुजकं?" रैनूभाऊ म्हणाले. "जाळलं. सारं पोखरलं होतं."

तीन पावसाळे. सुजाताची आई, मूलचे घर, अर्धे राहणारे पुस्तक, सगळे एकदम डोळ्यांपुढे आले. मी हादरले होते आणि हादरले की मला राग येतो, हा माझा स्वभाव आहे. "अहो, पण विचारायचं तरी," असे काहीतरी माझ्या तोंडातून निघणार होते. सुजाताने माझे मनगट धरले. इतके घट्ट, की बांगडी रुतली.

ती पुढे गेली आणि जळक्या डागापाशी उकिडवी बसली. मीही वाकले. राखेच्या कडेला, ओल्या काळ्या मातीत, नारिंगी चकत्या उगवल्या होत्या, दाटीवाटीने, बाजरीच्या दाण्याएवढ्या. क्षणभर माझी आशा उसळली.

"हे?"

"हे पण डिस्कोमायसीटच," ती म्हणाली. "जळक्या जागेवर येतात. पण हे माझं नाई, ताई. हे जगात कुठीबी भेटते."

मला तेव्हा जरासे कळले, की तो शब्द तिथे काय काम करत होता. एका शब्दात तिने दोन्ही बुरशांना जवळ घेतले, आणि पुढच्याच वाक्यात वेगळे केले. पण ते नंतर सुचले. तेव्हा मी फक्त तिच्या मानेकडे पाहत होते. ती रडत नव्हती, पण मान खाली गेली ती वर येत नव्हती.

रैनूभाऊंना काहीतरी बिनसले आहे हे जाणवले असावे, काय ते मात्र कळले नाही. आणि सुजाताने त्यांना सांगितले नाही. उठली, हात झटकले, म्हणाली, "भाऊ, लय चांगलं केलं. जागा मस्त झाली." मी तिच्याकडे पाहतच राहिले. माझ्याच्याने हे झाले नसते.

"चल, बस आता," रैनूभाऊ म्हणाले. "तुझं बसाचं दाखवतो."

घराच्या पुढच्या बाजूला, वळचणीखाली (छपराच्या कडेचे पाणी जिथे गळते तिथे), त्यांनी एक बाक रोवला होता. जाड ओंडका, वरून वाकसाने तासून गुळगुळीत केलेला, दोन ठेंगण्या खांबांवर. आमच्या येण्यापूर्वी तो धुतलेलाही होता.

"आमच्या घरी असं हाय," ते म्हणाले. "पहिल्यांदा येते तो पाहुणा. दुसऱ्यांदा येते तोबी पाहुणा. तिसऱ्यांदा येते तो पाहुणा नाई, घरचा. घरच्याले बसाले आपलं असावं. हा तुझा बाक. दुसरा कोणी बसला तं ही उठवते त्याले."

जैनीबाईंनी मान डोलावली. "आमचा जावई बसला होता. उठवलं."

सुजाता बाकावर बसली. दोन्ही हात तिने बाकाच्या कडेला धरले होते. मी तिच्या शेजारी बसले, आणि लगेच जैनीबाईंकडे पाहिले. त्या हसल्या. "तुमी बसा जी. तिच्यासंगं आले, चालते."

त्यांनी जावा (तांदळाची पातळ, आंबटसर पेज) आणून दिला. पाऊस पुन्हा सुरू झाला आणि वळचणीचे पाणी आमच्या पायांपुढे रेषेत पडू लागले. मी मनातल्या मनात गाडीत सुजाताला काय सांगायचे ते जुळवत होते, की मुदत वाढवून मागू, की मी तुझ्या मार्गदर्शकांना फोन करते. सगळे पोकळ होते, मलाही कळत होते. आणि त्यात अंगठ्याला चपलेने भलताच फोड आणला होता. ग्लास बाजूला ठेवून मी पट्टा सैल करायला खाली वाकले.

वाकले तेव्हा माझे तोंड बाकाच्या खालच्या बाजूला आले. वरून बाक तासलेला, पण खालून त्याची साल तशीच होती, काळपट, ओली. आणि सालीवर ओळीने वाट्या होत्या. गडद. आतून जांभळट. काठाला बारीक लव.

मी काय करायला हवे होते ते मला आजही सांगता येत नाही. मी केले एवढेच, की तोंड जवळ नेले आणि "अगं" म्हणाले. माझा श्वास वाट्यांवर गेला. आणि त्या वाट्यांतून धूर निघाला.

धूरच. पांढरा, बारीक, एकदम. एक वाटी, मग शेजारची, मग सगळ्याच, आणि कानाला अगदी अस्पष्ट अशी फुसफुस, ताकाच्या फेसाची असते तशी. मी किंचाळले. डोके बाकावर आपटले, ग्लास पडला, जावा चपलेवर सांडला. जैनीबाई "साप" म्हणून काठी घ्यायला धावल्या.

"धूर," मी म्हणाले. "सुजाता, वाट्यांतून धूर निघाला."

तिने माझ्याकडे असे पाहिले, जणू मी परक्या भाषेत बोलले. मग ती जमिनीवर आडवी झाली, सरळ चिखलात, पाठीवर, आणि बाकाखाली सरकली. तिचे फक्त बूट बाहेर होते. मग बाकाखालून आवाज आला.

"ताई, पिकल्याशिवाय धूर निघत नाई."

बीजुके वाटीच्या आत नळ्यांसारख्या बारीक पिशव्यांत भरलेली असतात. पिकली, की नुसत्या झुळकेने, नुसत्या श्वासाने सगळ्या पिशव्या एकदम फुटतात आणि लाखोंनी बीजुके बाहेर फेकली जातात. हे मी स्वतः शिकवले आहे, फळ्यावर बाण काढून. माझ्या तोंडावर कधी फेकली गेली नव्हती. माझ्या चष्म्यावर पांढरट धूळ बसली होती आणि सुजाता बाहेर आल्यावर तिने तो चष्मा माझ्या नाकावरून काढून घेतला, काच पट्टीने खरवडली आणि धूळ बाटलीत भरली. मग ती रडली. उशिरा, पण चांगली रडली.

रैनूभाऊंना आता सगळे सांगावे लागले. ऐनाच्या त्या खोडाचे एक अंग कुजके होते, ते त्यांनी जाळले. दुसरे अंग आतून टणक होते, त्याचा बाक केला. हे ते आम्हाला सांगत होते आणि मध्येच थांबले. घरामागच्या काळ्या डागाच्या दिशेने एकदा पाहिले.

"तू मले तवा काऊन नाई सांगतलं?" त्यांनी विचारले.

सुजाता हातातल्या बाटलीचे झाकण घट्ट करत राहिली.

"नमुन्याले किती लागते?"

"थोडं खरवडून घेते भाऊ. सालीचा तुकडा."

"थोड्यानं होते?"

होत नव्हते. एक भाग जनुकांसाठी, एक सूक्ष्मदर्शकाखाली, एक कायमचा जपायला, आणि तो लाकडासकट हवा. मला ते माहीत होते, आणि तिलाही. पण ती बाकाकडे पाहत होती आणि तिच्या तोंडून ते निघेना. "होते," ती खोटेच म्हणाली.

रैनूभाऊ घरात गेले आणि करवत घेऊन आले. जैनीबाई गोंडीत काहीतरी म्हणाल्या, त्यांनी गोंडीतच उत्तर दिले. मग त्यांनी खांब हलवून हलवून बाक मातीतून उपसला आणि उलटा केला. अख्ख्या खालच्या अंगाला वाट्या होत्या. आम्ही सगळेच बघत राहिलो. पुन्हा एकदा धूर उठला, या वेळी वाऱ्याने, आणि पावसात विरला.

"भाऊ, नको," सुजाता म्हणाली. "तो माझा बाक हाय."

"तुझा हाय म्हणूनच तं," ते म्हणाले, आणि करवत लावली.

मला वाटले होते, एवढ्या मायेने केलेली वस्तू कापताना माणसाचा हात अडेल. अडला नाही. मला तो आवाज सहन होईना आणि मी मोहाकडे तोंड करून उभी राहिले. दाट वाट्यांचे टोक कापून झाल्यावर त्यांनी उरलेला बाक पुन्हा रोवला. आता त्यावर एकच माणूस मावत होता.

"आता एकटीच बसशील," ते सुजाताला म्हणाले.

"अन् या ताई?"

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिले. विनोद करत आहेत की काय ते चेहऱ्यावरून कळेना. "त्या पहिल्यांदा आल्या. त्या पाहुण्या हायेत."

परतीच्या वाटेवर ओंडक्याचे टोक मागच्या सीटवर माझ्या शालीत गुंडाळलेले होते, आणि मी खड्डा आला की मागे हात टाकून ते धरत होते. शाल चांगली होती, पश्मिन्याची. सुजाताने एकदा विचारलेही. मी म्हटले, गाडी चालव.

साताऱ्याला पोचल्यावर दोन गोष्टी झाल्या. पहिली, सुजाताचा फोन. बीजुके नीट निघाली, तिने मोजमाप घेतले, प्रकरण राहिले. ती बुरशी खरोखर नवी आहे की नाही हे कळायला अजून वेळ लागेल, आणि त्याचे तिला आता फारसे ओझे वाटत नव्हते. टोल्यावरूनही निरोप होता. रैनूभाऊंनी रानातली कुजकी लाकडे गोळा करून घरामागे ठेवली आहेत आणि भोवती काट्याचे कुंपण घातले आहे. कोणी शेकोटीला एक काटकी उचलली तरी जैनीबाई बाहेर येतात.

दुसरी गोष्ट म्हणजे कोशाची बैठक. अध्यक्षांनी माझे मत विचारले. मी नोंद नव्याने लिहून नेली होती: 'डिस्कोमायसीट. ज्यांचे फळ वाटीसारखे किंवा बशीसारखे उघडे असते अशा बुरशांना दिलेले नाव. या सर्व एका वंशाच्या नाहीत, त्यामुळे वर्गीकरणात हे नाव आता वापरत नाहीत. रानात आणि बोलण्यात वापरतात.' कोणीतरी म्हणाले, वंश एक नाही, तर एका नावाखाली ठेवायचे कशाला? महिन्यापूर्वी हे मीच म्हणाले होते. मला एकदम तो धुतलेला बाक आठवला, आणि उठवला गेलेला जावई. उत्तर लांबले असते, म्हणून मी म्हटले, राहू द्या, आणि नोंद राहिली.

चपला अजून पायाच्या झालेल्या नाहीत. पण टाकल्याही नाहीत. मला त्या टोल्यावर अजून दोनदा जायचे आहे.